निर्दोष ठरलेल्या माणसाची सत्तावीस वर्षे

खुनाच्या एखाद्या गाजलेल्या खटल्यात बचावाच्या वकिलांनी ‘माझा अशील मनोरुग्ण आहे’ असे सांगितल्याची बातमी आली, की चहाच्या टपरीपासून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत एकच सूर लागतो: आता हा सुटणार. वेड पांघरून पेडगावला जायची युक्ती आपल्याला म्हणीतूनच ठाऊक असल्यामुळे, न्यायालयातला वेडाचा बचाव म्हणजे सुटकेची चोरवाट, असा आपला पक्का समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हे तपासायला एडवर्ड ऑक्सफर्ड या इंग्रज तरुणाचे आयुष्य उपयोगी पडते. (विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही, हे त्याचे आडनाव.) त्याने १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियावर पिस्तुले झाडली, तो न्यायालयात निर्दोष ठरला, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षे बंद दाराआड राहिला.

बकिंगहॅम राजवाड्याजवळची संध्याकाळ

ऑक्सफर्डचा जन्म एप्रिल १८२२ मधला, बर्मिंगहॅमचा. वडील सोन्यावर नक्षीकाम करणारे कारागीर होते. ते कमालीचे विक्षिप्त आणि मारकुटे होते, आणि मुलगा सात वर्षांचा असताना वारले. आई त्याला घेऊन लंडनला आली. थोडे शिक्षण झाल्यावर तो दारूच्या गुत्त्यांमध्ये पडेल ते काम करू लागला. कारण नसताना हसत सुटणे किंवा रडू लागणे या सवयी तेथल्या लोकांच्या लक्षात राहिल्या आणि पुढे साक्षीत आल्या. १८४० च्या वसंतात त्याची नोकरी सुटली. ४ मे रोजी त्याने दोन पौंडांना पिस्तुलांची जोडी विकत घेतली आणि पैसे मोजून नेमबाजी करायच्या ठिकाणी जाऊन सराव सुरू केला. वय अवघे अठरा.

१० जून रोजी दुपारी चारच्या सुमारास तो राजवाड्याजवळच्या कॉन्स्टिट्यूशन हिल या रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. राणी आणि तिचा पती अल्बर्ट रोज संध्याकाळी उघड्या, बुटक्या घोडागाडीतून फिरायला निघत आणि सोबत जेमतेम दोन स्वार असत. राणीला तेव्हा चौथा महिना होता. सुमारे दोन तासांनी गाडी समोर आली तेव्हा ऑक्सफर्डने आधी एक आणि मग दुसरे पिस्तूल झाडले. तो नाटकातल्या पात्रासारखा आव आणून उभा होता, असे अल्बर्टने नंतर लिहिले आहे. दोन्ही बार फुकट गेले. जमलेल्या लोकांनी पिस्तुले हिसकावून घेणाऱ्या दुसऱ्याच माणसाला हल्लेखोर समजून धरले, तेव्हा ‘हे मी केले’ असे ऑक्सफर्डनेच ओरडून सांगितले.

पोलिसांनी त्याच्या खोलीची झडती घेतली तेव्हा कुलूपबंद पेटीत एक तलवार, गोळ्या पाडायचा साचा, शिशाच्या पाच गोळ्या आणि काही कागद सापडले. कागदांवर ‘यंग इंग्लंड’ नावाच्या गुप्त लष्करी संघटनेची तपशीलवार नियमावली होती, अधिकाऱ्यांची यादी होती, पत्रव्यवहारही होता. सरकार काही काळ हादरले. चौकशीअंती कळले ते असे, की ही संघटना, तिचे अधिकारी आणि ती पत्रे यांतले काहीही अस्तित्वात नव्हते. सगळे त्या मुलाने एकट्याने बसून रचले होते.

गुन्ह्याचे दोन भाग: हात आणि मन

खटल्याकडे वळण्यापूर्वी एक मूलभूत गोष्ट समजून घ्यावी लागते. एसटी स्टँडवर दोन प्रवासी दुसऱ्याची काळी बॅग उचलून गाडीत चढले असे समजा. एकाला ती आपलीच वाटली, दुसऱ्याला ती आपली नाही हे ठाऊक होते. दोघांच्या हातांनी केले ते तंतोतंत सारखेच, परंतु चोर त्यांपैकी एकच. गंभीर गुन्ह्यासाठी कायदा केवळ हाताने काय केले एवढेच पाहत नाही, तर ते करताना मनात काय होते हेही पाहतो. या मनाच्या भागाला गुन्हेगारी हेतू म्हणतात. दोन्ही भाग सिद्ध झाले तरच शिक्षा होते.

आता आपण काय करतो आहोत हेच ज्याला आजारामुळे कळत नाही, अशा माणसाच्या बाबतीत मनाचा भाग भरणार कशाने? तापाच्या भरात बडबडणाऱ्याने शिवी दिली, तर आपण ती मनावर घेत नाही. मनोविकलतेच्या बचावामागे हीच जुनी, घरगुती समजूत आहे. मनोविकलता म्हणजे, येथल्या अर्थाने, बरे-वाईट ओळखण्याची शक्ती नाहीशी होईल इतका गंभीर मानसिक आजार. हा बचाव म्हणजे कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली माफी नसते. गुन्ह्याचा एक भागच जागेवर नाही, असा तो दावा असतो.

सिद्ध न झालेल्या गोळ्या

ऑक्सफर्डवर आरोप होता राजद्रोहाचा. आपल्याकडे राजद्रोह म्हटले की टिळकांवरचे खटले आणि दंड संहितेचे कलम १२४-अ आठवते, परंतु ते सरकारविरुद्ध अप्रीती पसरवण्याबद्दलचे होते. येथे आरोप प्रत्यक्ष राजाच्या जिवावर उठल्याचा होता आणि त्याला शिक्षा मृत्यूचीच.

जुलै १८४० मध्ये ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. बचावाने दोन मुद्दे मांडले. पहिला असा, की पुष्कळ शोधूनही पिस्तुलांतल्या गोळ्या सापडल्या नव्हत्या. तेव्हा पिस्तुलांत नुसती दारू ठासली होती असे का मानू नये? दुसरा मुद्दा वेडाचा होता. त्यासाठी वडील आणि आजोबा या दोघांच्या विक्षिप्तपणाच्या साक्षी झाल्या आणि हॅनवेल येथील मनोरुग्णालयाचे ख्यातनाम डॉक्टर जॉन कॉनोली यांच्यासह काही वैद्यांनी आरोपीचे मन विकल असल्याचे मत दिले.

ज्युरीने, म्हणजे निकाल देण्यासाठी बसवलेल्या बारा सामान्य नागरिकांनी, आधी जे सांगितले ते मला या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. आरोपीने पिस्तुले झाडली हे खरे, त्यांत गोळ्या होत्या की नाही हे आमच्यापुढे समाधानकारकरीत्या सिद्ध झालेले नाही, आणि त्या वेळी त्याचे मन ठिकाणावर नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. आता पेच पहा. गोळ्या होत्या हे सिद्ध होत नसेल, तर राणीला मारण्याचा प्रयत्नही सिद्ध होत नाही, आणि मग ऑक्सफर्डला वेडा ठरवण्याची गरजच उरत नाही, कारण तो सरळ घरी जायला मोकळा होतो. उलट, वेडामुळे निर्दोष ठरला तर त्याला अडकवून ठेवता येत होते. यावर दोन्ही बाजूंचा वाद झाला, ज्युरीला पुन्हा विचार करायला पाठवले गेले, आणि शेवटी निकाल आला: वेडाच्या कारणावरून निर्दोष. म्हणजे ज्या बचावाला आपण सुटकेची वाट समजतो, त्यानेच त्याची खरी सुटका बंद केली.

‘पुढील आदेश होईपर्यंत’

निर्दोष माणसाला अडकवता येते हा विचित्र नियम आला कुठून, हे समजण्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागते. १५ मे १८०० रोजी ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स हॅडफील्ड नावाच्या माजी सैनिकाने तिसऱ्या जॉर्ज राजावर पिस्तूल झाडले. त्याचाही नेम चुकला. लढाईत तलवारीचे घाव डोक्यावर बसल्यापासून हॅडफील्डला भ्रम होऊ लागले होते. सरकारने आपल्याला मारले तर येशू पुन्हा अवतरेल आणि जगाचा उद्धार होईल, अशी त्याची पक्की धारणा होती आणि त्यासाठी त्याला फाशी हवी होती. वकील थॉमस अर्स्किन यांनी ही बाजू इतकी समर्थपणे मांडली की तो निर्दोष ठरला. (ज्या राजावर हल्ला झाला त्यालाही बारा वर्षांपूर्वी वेडाचे झटके येऊन गेले होते, हा इतिहासाचा खोडसाळपणा.)

आता याला सोडायचे कसे, या चिंतेने पार्लमेंटने त्याच वर्षी घाईघाईने कायदा केला. त्यानुसार गंभीर गुन्ह्यात वेडामुळे निर्दोष ठरलेल्या व्यक्तीला ‘राजाची मर्जी होईपर्यंत’ बंदिस्त ठेवता येऊ लागले. या शब्दप्रयोगाचा अर्थ ज्याने सरकारी कचेरीत ‘पुढील आदेश होईपर्यंत निलंबित’ असा कागद पाहिला आहे त्याला चटकन कळेल. शिक्षेला मुदत असते, तुरुंगातला कैदी भिंतीवर दिवस मोजू शकतो. पण पुढील आदेशाची तारीख कोणत्याच कागदावर नसते. ऑक्सफर्डच्या बाबतीत ती मर्जी राणीची होती, म्हणजे जिच्यावर पिस्तूल झाडले तिचीच. प्रत्यक्षात निर्णय गृहमंत्री घेत, परंतु संबंधित गृहमंत्र्याला हे नाव विसरणे शक्य नव्हते.

मग वेडा कोणाला म्हणायचे?

ऑक्सफर्डच्या काळी याची ठरलेली कसोटी नव्हती. ती आली १८४३ मध्ये, तीही दुसऱ्या एका चुकलेल्या हत्येमुळे. डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घालून ठार केले; त्याला पील यांनाच मारायचे होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सत्ताधारी पक्ष आपला छळ करतो असा त्याला भ्रम होता. तोही वेडामुळे निर्दोष ठरला, तेव्हा लोकांत संताप उसळला. तोवर स्वतःवरचे आणखी हल्ले पाहिलेल्या राणीनेही नाराजी कळवली. मग लॉर्डांच्या सभागृहाने न्यायाधीशांना बोलावून प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून जो नियम निघाला तो मॅक्नॉटन नियम म्हणून ओळखला जातो.

नियम सोप्या शब्दांत असा: प्रत्येक माणूस शहाणा आहे असे धरून चालायचे. कृत्य करतेवेळी मनाच्या आजारामुळे आपण काय करतो आहोत हे त्याला कळत नव्हते, किंवा ते चूक आहे हे कळत नव्हते, असे त्याने दाखवले तरच बचाव मान्य करायचा. समोरच्याचे डोके भोपळा समजून कोणी कोयता चालवला, तर ते पहिल्या प्रकारात बसेल. माणूस आहे हे कळते, पण हा राक्षस आहे आणि याला मारणे हाच धर्म आहे असे आजारामुळे ठामपणे वाटते, तर दुसऱ्या प्रकाराचा विचार होईल. मात्र ‘चूक आहे हे कळत होते, पण राहवले नाही’ याला या नियमात जागा नाही.

या फुटपट्टीने मोजले तर माझ्या मते ऑक्सफर्ड वेडा ठरला नसता. त्याने पिस्तुले घेतली, सराव केला, दोन तास वाट पाहिली, आणि पकडल्यावर आपले कृत्य छातीठोकपणे सांगितले. आपण काय करतो आहोत आणि त्याचा परिणाम काय होईल, हे त्याला ठाऊक नव्हते असे म्हणणे अवघड आहे.

हा नियम आपल्या घरापर्यंत आलेला आहे. १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये हीच कसोटी थोड्या वेगळ्या शब्दांत आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम २२ म्हणून कायम आहे. आजचा मराठी वाचक ज्या बचावाच्या बातम्या वाचतो, त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये आहे.

‘पण मग कोणीही सोंग घेईल’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि तो वाजवीही आहे. त्याचे उत्तर असे की डॉक्टरांचा कागद असणे आणि कायद्याने वेडा ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकीय आजार आणि कायदेशीर मनोविकलता यांतला हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितला आहे. नैराश्य आहे, राग आवरत नाही, पूर्वी मानसोपचार घेतले आहेत, एवढ्याने भागत नाही. कृत्याच्या नेमक्या वेळी मनाची स्थिती काय होती, हा प्रश्न असतो. ते दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र दिवाणी दाव्यात लागते तेवढी, म्हणजे ‘हेच अधिक संभवते’ इतकी खात्री त्याला पुरते, हे १९६४ मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात स्पष्ट झाले.

न्यायालय मग बारीकसारीक गोष्टी पाहते: आरोपी पळाला का, हत्यार लपवले का, रक्ताचे कपडे धुतले का. जो पुरावा लपवतो, त्याला आपले कृत्य चूक असल्याचे कळत होते, असा अर्थ निघतो. महाराष्ट्रातला एक पोलीस शिपाई पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरला होता. त्याला तीव्र संशयाच्या स्वरूपातला स्किझोफ्रेनिया होता. त्याने हे कृत्य दिवसाढवळ्या केले, आणि पळण्याचा किंवा लपण्याचा प्रयत्न केला नाही. आजाराचा पूर्वेतिहास आणि ही वागणूक एकत्र पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याला या कलमाचा लाभ दिला.

दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याचे काय, असेही हमखास विचारले जाते. स्वतःहून प्यायलेल्याला हे कलम मुळीच लागू नाही. त्याच्यासाठी वेगळी कलमे आहेत आणि ती फारशी दयाळू नाहीत.

उलटा आक्षेप: किती दिवस?

‘हा सुटेल’ या भीतीपेक्षा ‘हा कधी सुटेल’ हा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो, आणि तो क्वचितच विचारला जातो. १८४९ मध्ये विल्यम हॅमिल्टन नावाच्या बेकार आयरिश तरुणाने त्याच कॉन्स्टिट्यूशन हिलवर राणीच्या गाडीवर पिस्तूल झाडले. पिस्तुलात नुसती दारू होती. राणीवरच्या अशा हल्ल्यांना राजद्रोहाचा मान मिळू नये, म्हणून १८४२ मध्ये सौम्य कायदा करण्यात आला होता. त्याखाली हॅमिल्टन दोषी ठरला आणि त्याला सात वर्षांची हद्दपारी, म्हणजे आपल्या भाषेत काळे पाणी झाले. रस्ता तोच, राणी तीच, गोळी दोन्हीकडे सिद्ध न झालेली. दोषी ठरलेल्याला सात वर्षे आणि निर्दोष ठरलेल्याला सत्तावीस.

ऑक्सफर्डला लंडनच्या बेथलेम इस्पितळात ठेवले गेले. तेथे हॅडफील्ड अजून जिवंत होता आणि चाळीस वर्षे आत काढून तो १८४१ मध्ये वारला. १८४३ मध्ये मॅक्नॉटनही तेथेच आला. गुत्त्यातल्या या पोऱ्याने तिथल्या चोवीस वर्षांत फ्रेंच, जर्मन आणि इटालियन उत्तम शिकून घेतले, स्पॅनिश, ग्रीक आणि लॅटिनचा अभ्यास केला, व्हायोलिन वाजवायला शिकला, बुद्धिबळात सर्वांना हरवू लागला आणि घरे रंगवण्याच्या कामात तरबेज झाला. हे कृत्य फाजील अहंकारातून आणि नाव गाजवण्याच्या हव्यासातून घडले, अशा अर्थाची नोंद इस्पितळाच्या दप्तरात आहे. १८६४ मध्ये त्याला ब्रॉडमूर येथील नव्या सरकारी मनोरुग्णालयात हलवले, तेव्हाही तो शहाणा दिसत असल्याचे नोंदवले गेले. शहाणा असल्याचे सगळ्यांना दिसत होते. आदेश मात्र येत नव्हता.

हे जुन्या इंग्लंडपुरते आहे असे समजू नये. आसाममध्ये १९५१ साली अटक झालेल्या एका तरुणाला मनोविकल म्हणून इस्पितळात पाठवले गेले. १९६७ मध्ये तो बरा झाल्याचे डॉक्टरांनी कळवले, तरी त्याला तुरुंगात हलवले गेले आणि तो २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर बाहेर आला. अटकेनंतर चोपन्न वर्षांनी. त्याचा खटला चाललाच नव्हता. त्याचे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने थोडे वेगळे होते: गुन्ह्याच्या वेळी मन विकल असणे एक आणि खटल्याच्या वेळी स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नसणे दुसरे. दुसऱ्या प्रकारात निकालच लागत नाही, खटला थांबतो. परंतु फाईल कपाटात जाते ती दोन्ही प्रकारांत सारखीच.

आपल्या कायद्यानुसार वेडामुळे निर्दोष ठरलेल्या व्यक्तीने ते कृत्य केले होते की नाही, हे न्यायालयाला निकालात नमूद करावे लागते. केले होते असे ठरले, तर तिला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा, किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाच्या ताब्यात देण्याचा आदेश होतो. घरातून न्यायला कोणी आलेच नाही, तर तिचे काय होत असेल याची कल्पना करता येते.

मेलबर्नचा जॉन फ्रीमन

१८६७ मध्ये गृहमंत्री गॅथॉर्न हार्डी यांनी ऑक्सफर्डपुढे एक अट ठेवली: दूरच्या वसाहतीत जायचे आणि पुन्हा कधी ब्रिटनमध्ये पाऊल ठेवायचे नाही, ठेवल्यास पुन्हा कोठडी. त्याने ती मान्य केली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जहाजात बसला. उतरला तेव्हा त्याचे नाव होते जॉन फ्रीमन. फ्रीमन म्हणजे मोकळा माणूस.

मेलबर्नमध्ये त्याने घरे रंगवण्याचा व्यवसाय केला, एका स्वयंसुधारणा मंडळाचा पदाधिकारी झाला, १८८१ मध्ये एका विधवेशी लग्न केले आणि सेंट जेम्स चर्चचा कारभारही पाहिला. ‘द आर्गस’ या वृत्तपत्रात तो शहरातल्या गलिच्छ वस्त्या, बाजार आणि घोड्यांच्या शर्यती यांवर लिहीत असे. टोपणनाव घेतले होते ‘लिबर’. लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थ पुस्तक आणि दुसरा पुन्हा मोकळा असाच होतो. बेथलेममधले लॅटिन वाया गेले नव्हते. त्या लेखांवरून सिद्ध झालेले मेलबर्नच्या जीवनावरचे त्याचे पुस्तक १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले.

लेखक कोण हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. बेथलेममधले एक जुने अधिकारी जॉर्ज हेडन यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि त्या पत्रांमुळेच पुढे फ्रीमन म्हणजे ऑक्सफर्ड हे उघडकीस आले. आपले गुपित पत्नीलाही माहीत नाही, असे त्याने हेडन यांना लिहिले होते. एप्रिल १९०० मध्ये तो वारला, तेव्हा राणी व्हिक्टोरिया अजून गादीवर होती.